बाबा विचारतात

९ फेब्रुवारी

वहिनी,

आधी बाबांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसव, दादाला टीव्हीचा आवाज कमी करायला सांग आणि मग वाच. फोनवर बोललेलं बाबांच्या लक्षात राहत नाही, पत्र चार वेळा ऐकता येतं, असं तू म्हणालीस ते मला पटलं. त्यांच्या डोळ्यांना आता अक्षर दिसत नाही, तेव्हा माझ्या गिचमिडीबद्दलची बोलणी या वेळी तुला खायची आहेत.

मी या परक्या देशात येऊन पोचले. खोली मिळाली. बंदराच्या मागच्या गल्लीत होड्यांसाठी ताडपत्र्या शिवणाऱ्या एका बाईंचा कारखाना आहे, त्याच्या माडीवर. खाली शिवणाची तीन मशिनं आहेत. ती एकदम सुरू झाली की माझ्या टेबलावरचा पेला सरकत सरकत कडेला येतो. परवा फुटला. आता नवा पेला जाड शब्दकोशाच्या आडोशाला ठेवते. खिडकीतून समुद्र दिसत नाही. समोरच्या छपरावर वाळत घातलेली निळी ताडपत्री दिसते, वाऱ्याने ती हलली की तोच समुद्र समजायचा.

आपल्या कंपनीचे माझ्यासकट अकरा जण इथे आहेत. सगळ्यांचं तेच. दिवसभर घरी बसून विम्याचे दावे तपासायचे आणि संध्याकाळी धक्क्यावर भेटून म्हणायचं, "पगार तिकडचा, खर्च इकडचा." त्यांतल्या सर्वांत मोठ्या गृहस्थांना सगळे छत्रीवाले म्हणतात, कारण ते उन्हातही छत्री मिटून हातात धरतात. त्यांची बायको आणि दोन मुलं इथेच आहेत. ते मला म्हणाले, "सहा महिने थांबा, मग बोला स्वस्ताईबद्दल." मला वाटतं त्यांना कुरकुरायची सवय असावी.

आता बाबांसाठी. माझं भाडं पगाराच्या दहाव्या हिश्शापेक्षाही कमी आहे! हा आकडा मी दोनदा तपासला. बाईंना मी आवडले असावे.

तू मला ही नोकरी लावून दिलीस आणि इथे यायचं तूच सुचवलंस, याबद्दल पत्रात आभार मानले तर तू हसशील. म्हणून मानत नाही.

तुझी,
मापाडी


२४ फेब्रुवारी

मापाडीबाई, आमच्या एकुलत्या एक वन्सं,

पत्र शनिवारी आलं आणि रविवारपर्यंत तीनदा वाचून झालं. पेला सरकतो ते बाबांना फार आवडलं. तुझे बंधुराज उद्यापासून नोकरी शोधणार आहेत, हे तुला दर पत्रात कळवत जाईन, म्हणजे मला वेगळी बातमी शोधायला नको.

बाबांनी मात्र तुझ्यावर जरा नाराजी दाखवली. म्हणाले, "एकतीस वर्षं मी दर गुरुवारी बाजारात जाऊन सरकारसाठी भाव टिपले, पोरीला वही धरायला बरोबर नेलं, आणि ती मला एकटं भाडं लिहून पाठवते?" तेव्हा आता नीट लिही. बाबा विचारतात, तांदूळ, दूध, अंडी, साबण यांचे भाव काय? दवाखान्याची फी किती? बसचा महिन्याचा पास? चप्पल शिवायला काय पडतं? केस कापायला? मी म्हटलं, "बाबा, केस कशाला?" तर म्हणाले, "निर्देशांकात केसही असतात."

वस्तूचं वर्णन अगदी तुमच्या पद्धतीने लिही. त्यांना दुसरा विरंगुळा काय आहे सांग. ऑफिसात माझ्यामागे काम फार आहे, पण तुझं पत्र वाचायला मी कुठूनही वेळ काढीन.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

बाबांनी विचारलं हे वाचून इतका आनंद झाला की मी त्याच दिवशी वही विकत घेतली. लहानपणी मी त्यांच्यामागे बाजारात चालायची, ते दुकानदाराला विचारायचे आणि मी लिहायची. "नुसतं तांदूळ लिहू नकोस. कुठला, किती जुना, तुकडा किती, ते लिही." शाळेत जायच्या आधी मी हे शिकले, म्हणून तर घरात मी मापाडी.

तर सोबतच्या दोन पानांवर एकोणीस वस्तू आहेत. काही मुद्दाम त्यांच्यासाठी बारकाईने लिहिल्या आहेत. केस कापणे, स्त्रिया, न धुता. चप्पल शिवणे, एक पट्टा, दोऱ्यासह. न्हाविणीने विचारलं, "धुवायचे नाहीत? का?" मी म्हटलं, "वडिलांना तसाच भाव हवाय." तिने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं.

दवाखान्याची गंमत सांगते. घसा धरला होता. इथे परक्या माणसाला फी चौपट असते, शाळेलाही तसंच. बाई माझा हात धरून घेऊन गेल्या आणि खिडकीशी ओरडून म्हणाल्या, "ही आमच्या घरातली आहे!" त्यांना कमी ऐकू येतं म्हणून त्या सगळ्यांशी ओरडूनच बोलतात. खिडकीवरचा माणूस घाबरला की काय कोण जाणे, त्याने गावातल्यांचीच फी घेतली. दूधवाला, भाजीवाली, सगळीकडे त्या हेच सांगून आल्या आहेत. छत्रीवाल्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "आम्हाला कोणी घरातलं म्हणत नाही हो."

बाबा, तुमचा नियम मला आठवतो. शिळ्याचा भाव लिहायचा नाही, उधारीचा लिहायचा नाही आणि ओळखीचा तर नाहीच. हे सगळे ओळखीचे भाव आहेत. पण ही सरकारी वही थोडीच आहे, घरचं पत्र आहे. मला तुम्हाला हेच सांगायचं होतं की परक्या गावात मला ओळख मिळाली.

तुमची मापाडी

(वहिनी, ही चिठ्ठी वेगळी घातली आहे, ती वाचून दाखवू नकोस. बाबांपासून काही लपवलं की मला अन्न गोड लागत नाही, म्हणून निदान तुला सांगते. भाडं कमी आहे ते मी आवडले म्हणून नाही. बाईंना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून सकाळी सात ते नऊ त्यांच्या गिऱ्हाइकांच्या मागण्या मी फोनवर लिहून घेते. त्या बदल्यात भाड्यात सूट. शेजारच्या तशाच खोलीचं भाडं माझ्या अडीचपट आहे, तेच खरं. कंपनीच्या फॉर्मवर मी 'दुसरं कोणतंही काम करणार नाही' अशी सही केली आहे. दोन तास फोन घेणं म्हणजे काम का? मला वाटतं, हो. तुला काय वाटतं ते लिही.)


११ एप्रिल

वन्सं,

चिठ्ठी वाचली आणि फाडून टाकली. फोन घेणं हे काही काम नाही. शेजारणीला मदत केली म्हणून कोणी नोकरीवरून काढत नाही. तू लहानपणी भाजीवालीने चुकून जास्त दिलेलं लिंबू परत द्यायला पाऊण मैल चालत गेली होतीस म्हणे. आता मोठी हो.

तुझी एकोणीस वस्तूंची पानं बाबांनी उशाशी ठेवली आहेत. बाबा विचारतात, भाड्याची पावती मिळते का? मिळत असेल तर एक पाठव. म्हणतात, "कागद हातात आला की पोर खरोखर सुखात आहे हे कळतं." दवाखान्याची पण असेल तर पाठव.

बंधुराज उद्यापासून.

वहिनी


३० एप्रिल

वहिनी,

पावत्या पाठवते आहे. भाड्याच्या तीन आहेत, दवाखान्याची एक. भाड्याच्या पावतीसाठी बाईंना जरा समजवावं लागलं. म्हणाल्या, "पावती कशाला? मी काय पळून जाणार आहे?" मी म्हटलं, वडिलांना बघायची आहे. मग त्यांनी चष्मा लावून, जीभ दातांत धरून मोठी सही केली आणि म्हणाल्या, "त्यांना सांग, काळजी करू नका."

पावतीवर फोनच्या कामाचा उल्लेख नाही. त्या लिहिणार होत्या. मीच नको म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी फोन उचलताना ती पावती आठवते. पण तू म्हणालीस ते बरोबर असेल.

बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचं पुढे काय झालं? ते मला विचारतात तेवढंच स्वतःबद्दलही सांगायला सांग.

मापाडी


२ जुलै

वहिनी,

हे पत्र बाबांना वाचून दाखवू नकोस. आधी तू एकटी वाच.

काल कंपनीचं परिपत्रक आलं. या गावात राहणाऱ्यांचा पगार या महिन्यापासून पस्तीस टक्क्यांनी कमी. कारण दिलंय की 'प्रत्यक्ष पाहणीनुसार येथील राहणीमानाचा खर्च अल्प आहे.' मागे तक्ता जोडला आहे. एकोणीस वस्तू.

चौदावी वस्तू : केस कापणे, स्त्रिया, न धुता.

सतरावी : चप्पल शिवणे, एक पट्टा, दोऱ्यासह.

भाडं माझंच आहे. पावतीची छायाप्रत सुद्धा आहे, नाव झाकून. पण सही बाईंची आहे आणि ती मी कुठेही ओळखीन.

वहिनी, आपल्या घरातून कोणीतरी ती पानं नेली आहेत. तू ऑफिसात पर्स उघडीच ठेवतेस, मी तुला किती वेळा सांगितलं आहे. किंवा दादाचा तो मित्र, जो सारखा येऊन बसतो आणि सगळ्या ड्रॉवरमध्ये काडेपेटी शोधतो. तू पगार विभागातच आहेस. ज्याने कोणी हे केलं त्याचं नाव तुला कळेल. कृपा करून शोध. आणि स्वतःला जप, कारण उद्या कोणी म्हणेल की हे तुझ्याकडून गेलं.

धक्क्यावर आज कोणी हसलं नाही. छत्रीवाल्यांच्या बायकोने तक्ता हातात धरून विचारलं, "या भाड्यात खोली कुठे मिळते? मला दाखवा, आत्ता सामान उचलते." मी तिच्या शेजारीच उभी होते.

मापाडी


१५ जुलै

वन्सं,

उगाच घाबरून जाऊ नकोस. असे तक्ते सगळीकडे सारखेच असतात, केस सगळेच कापतात. मी चौकशी केली, वरून आलेला निर्णय आहे, त्यात कोणा एकाचा हात नाही. शिवाय पस्तीस टक्के गेले तरी तुला पुरून उरतं, हे तूच लिहिलं आहेस. मग त्रास कसला?

तिथल्या लोकांना पानांबद्दल काही बोलू नकोस. तुझ्या फोनच्या कामाचं निघेल. मी बाबांशी बोलले. बाबा म्हणतात, "तिला सांग, गप्प राहा."

इकडे सगळं ठीक.

वहिनी


२३ जुलै

बाबा,

हे पत्र दुपारी येईल, वहिनी ऑफिसात असेल तेव्हा. मोठ्या अक्षरात एका पानावर सहाच ओळी लिहिल्या आहेत, म्हणजे तुम्हाला भिंगातून वाचता येतील. फोन केला असता, पण फोन दादाच्या हातात असतो आणि घरभर ऐकू जातो.

वहिनी लिहिते की तुम्ही म्हणालात, गप्प राहा.

एकदा गूळवाल्याचा भाव चुकीचा लिहिला गेला होता. तो दुरुस्त करायला तुम्ही मला घेऊन सुट्टीच्या दिवशी कार्यालय उघडायला लावलं होतंत. ते तुम्हीच. म्हणून विचारते.

तुम्ही मला पत्रांतून भाव विचारलेत का? पावत्या मागितल्यात का? गप्प राहा म्हणालात का?

एवढंच सांगा.

तुमची मुलगी


४ ऑगस्ट

बाळ,

अक्षर सांभाळून घे. तीन दिवस थोडं थोडं लिहितो आहे.

मी तुला एकही भाव विचारला नाही. एकतीस वर्षं तेच केलं, आता मला त्याचा कंटाळा आहे. मी एवढंच विचारत होतो की पोरीबरोबर जेवायला कोणी असतं का. वहिनी म्हणायची, लिहिते.

तुझं पहिलं पान ती वाचते. पेला सरकतो ते मला पाठ आहे. पुढची पानं नुसत्या आकड्यांची आहेत, तुम्ही दमाल, असं म्हणायची. मला वाटलं माझ्या काळजीने म्हणते. पावत्या मी पाहिल्या नाहीत. गप्प राहा असं मी म्हणालो नाही. काय झालं तेच मला ठाऊक नव्हतं. काल तिला विचारलं. तिने सांगितलं. रडली. तक्ता तिने केला, तिच्या सहीने गेला, तिला वरची जागा मिळाली.

ओळखीचा भाव तू लिहिलास. ते चुकलं. ते तुला सांगायला नको.

आता माझं. ऑपरेशन सप्टेंबरच्या बारा तारखेला ठरलं आहे. दोन्ही डोळे. तिच्या ऑफिसच्या विम्यातून होणार आहे. दादाचं तुला माहीत आहे. घर तिच्या पगारावर चालतं. तू आता वर काही कळवलंस तर तिची नोकरी राहणार नाही.

म्हणून मी सांगतो, राहू दे. आधी ती खोटं सांगत होती. आता हे मीच सांगतो आहे.

बाबा


१० ऑगस्ट

वन्सं,

बाबांनी पाकीट पोस्टात टाकायला तुझ्या दादाकडे दिलं, त्यामुळे त्यांनी तुला सगळं लिहिलं हे मला कळलं. बरं झालं. आता नाटक करायला नको.

जानेवारीत आमच्या विभागाला सांगितलं, बाहेर राहणाऱ्यांच्या गावांची पाहणी करा. प्रवासाला पैसे मिळणार नाहीत. तिघी होतो, एकीचीच जागा राहणार होती. तुला तिथे जा म्हटलं तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. तुझं पहिलं पत्र वाचलं आणि मग मनात आलं. बाबांचं नाव घेतलं, कारण मी विचारलं असतं तर तू भाड्यापाशीच थांबली असतीस. बाबांसाठी तू न्हाविणीकडे गेलीस.

मी एकही आकडा बदललेला नाही. सगळे तुझेच आहेत. तुला खोलीचं खरं भाडं माहीत होतं, तरी तू मोठ्या खुशीत कमीचं लिहिलंस. मग सगळं पाप माझ्या एकटीच्या माथी का?

या घरात सकाळी सहाला मी उठते. बाबांची औषधं मी आणते, दादाला 'उद्या' विचारणं मी बंद केलं आहे. तू लांब बसून खरं-खोटं तोलतेस. तुला परवडतं.

चिठ्ठी फाडली असं मी लिहिलं होतं. फाडलेली नाही. धमकी समजू नकोस. समजलीस तर मला त्यावर काही म्हणायचं नाही.

वहिनी


८ सप्टेंबर

बाबा,

हे पत्र लांब आहे. दादाला वाचायला लावा. दादा, तू वाचत असशील तर एकही ओळ गाळू नकोस, नंतर काय हवं ते म्हण.

मी कळवलं.

तुमचं पत्र आल्यावर मी ते तीनदा पाहिलं. अक्षर तुमचंच आहे का हे बघत होते. वहिनीने लिहिलं असेल, तुमचा हात धरून लिहवलं असेल, असं काहीतरी निघावं म्हणून भिंतीशी उजेडात धरून पाहिलं. तुमचंच आहे. 'र' अजून तसाच काढता.

मग मी बाईंना सगळं सांगितलं. कानाशी तोंड नेऊन सांगावं लागलं, म्हणून खालच्या शिवणाऱ्या बायकांनीही ऐकलं. मशिनं थांबली. बाई बराच वेळ हातातली कात्री उघडत-मिटत बसल्या. मग पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाल्या, "मी तुला घरातली म्हटलं, आणि तू त्याचा भाव करून घरी पाठवलास?"

मी म्हटलं, "मला तसं करायचं नव्हतं."

"माझी सही त्या कागदावर आहे?"

"आहे."

"तुझ्या वडिलांना दाखवायला मागितली होतीस ना?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन स्वतः उचलला. ऐकू येत नव्हतं तरी उचलला आणि समोरच्यावर ओरडत राहिल्या. मी जिन्यावर उभी राहून ऐकत होते. दोन मागण्या चुकीच्या लिहिल्या गेल्या.

नंतर मी छत्रीवाल्यांच्या घरी सगळ्यांना बोलावलं. दोनच खोल्या आहेत. दहा माणसं मुलांच्या पलंगावर आणि जमिनीवर दाटीवाटीने बसली. मी उभीच राहिले आणि म्हटलं, "तक्त्यातले आकडे माझे आहेत."

एक जण म्हणाला, "तुझे म्हणजे? कंपनीला तू पाठवलेस?"

"नाही. घरी पाठवले होते. पत्रात."

"घरी केस कापायचा भाव विचारणारं कोण आहे तुझ्या?"

कोणीतरी हसलं.

छत्रीवाल्यांची बायको म्हणाली, "मुलीला परवा शाळेतून घरी पाठवलं. परक्यांची फी चौपट, तेवढी आता होत नाही. तू जुलैत माझ्या शेजारी उभी होतीस. तेव्हाच का नाही बोललीस?"

"मला वाटलं आमच्या घरी चोरी झाली."

"मग झालीच होती की," ती म्हणाली. "पण तुला चोर ओळखायला दोन महिने लागले आणि आमची पोर घरी बसली."

मी निघाले तेव्हा छत्रीवाले दारापर्यंत आले आणि माझी चप्पल पायाने सरळ करून दिली. ते मला कोणी रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यानंतर दहा दिवस मी कामाव्यतिरिक्त एकच गोष्ट केली. जिथे मला कोणी ओळखत नाही अशा वस्त्यांत गेले. प्रत्येक वस्तू तीन दुकानांत विचारली, एकाच दिवशी नाही. दवाखान्याच्या खिडकीशी एकटी गेले आणि परक्याची फी भरली. भाड्यासाठी अकरा खोल्या पाहिल्या. तुमच्या पद्धतीनेच केलं, बाबा, कारण मला दुसरी पद्धत येत नाही. तुम्ही 'राहू दे' म्हटलंत म्हणून ती बदलत नाही.

नवा तक्ता कंपनीला पाठवला. सोबत स्वतःच्या सहीने लिहिलं की पहिले आकडे घरच्या पत्रांतले आहेत, पाहणी करायला इथे कोणीही आलं नव्हतं, आणि माझं भाडं कमी होतं कारण मी रोज सकाळी दोन तास दुसरं काम करत होते. वहिनी, ती चिठ्ठी आता तुझ्या काही उपयोगाची नाही. तू पत्रात लिहिलंस तेही सगळं खोटं नाही. तू सहाला उठतेस हे मला माहीत आहे. पण तू माझ्या बापाच्या तोंडी शब्द घालून मला बाजारात धाडलंस, आणि मी खुशीत गेले. हे मला कधी विसरता येईल असं वाटत नाही.

परवा उत्तर आलं. दहा जणांचा पगार पूर्ववत, मागचे कापलेले पैसेही मिळणार. मला नियम मोडल्याबद्दल काढलं आहे, या महिन्याच्या तीस तारखेपासून. परदेशात राहायचा माझा परवाना त्या नोकरीवरच होता, तेव्हा साठ दिवसांत दुसरं काम शोधायचं किंवा निघायचं. बाई म्हणाल्या, "माझ्याकडे फोनवर बस, पगार लावते, कागद करते. भाडं मात्र पूर्ण घेणार. सूट आता नाही." मी हो म्हटलं. त्या अजून माझ्याशी हळू आवाजातच बोलतात. सगळ्यांशी ओरडतात आणि माझ्याशी हळू. छत्रीवाल्यांची मुलगी सोमवारपासून शाळेत जाते आहे. तिची आई मला धक्क्यावर भेटली, मान हलवली, पुढे गेली.

वहिनीच्या नोकरीचं काय झालं ते तुम्हाला माझ्याआधीच कळलं असेल. बारा तारखेचं काय, हेही. मी इथल्या मोठ्या दवाखान्यात दोन्ही डोळ्यांचा खर्च विचारून आले. परक्यांचाच विचारला. तेवढे पैसे माझ्याकडे नाहीत आणि लवकर होतील असं दिसत नाही. दादा, हे वाचून झालं की तू उद्याची वाट बघू नकोस, एवढंच म्हणते.

बाबा, तुमचं ऑपरेशन लांबलं तर तो दोष माझा आहे. मी जाणूनबुजून घेतला आहे आणि तो कोणावर ढकलणार नाही. 'राहू दे' हे तुम्ही लिहिलंत. वहिनीने नाही, तुम्ही. त्या दोन शब्दांचा दोष मी तुमच्या वतीने घ्यायला तयार होते, खरंच तयार होते, पण तो मला उचलता येत नाही. तो तुमच्याकडेच ठेवा.

तुमची मुलगी